गाडी भरेपर्यंत

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नेमाने लिहिणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. हे मी नाइलाजाने कबूल करतोय, कारण नातेवाइकांत लेखक म्हणून नाव माझं आहे. माझ्याकडे टेबल होतं, दिवा होता, पाठीला आराम देणारी खुर्ची होती. नव्हतं ते फक्त लिखाण. भाऊजींकडे होती शेलूबाजार ते मंगरूळपीर चालणारी काळीपिवळी जीप आणि शंभर पानी वह्या. पहिली सवारी बसली की स्टिअरिंगवर पाटी टेकवून ते वही उघडत, आणि जीप गच्च भरली की मिटत. आज मूड नाही वगैरे कारणं त्यांना कळतच नसत. बाजाराच्या दिवशी जीप चटकन भरायची, म्हणून ती प्रकरणं चार ओळींची. पेरणीच्या दिवसांत सवाऱ्या मिळेनात, तर एका नाल्याचं वर्णन सोळा पानं चाललं. मात्र सुरू केलेलं वाक्य पुरं झाल्याशिवाय चावी फिरत नसे. एकदा लग्नाला निघालेले एक म्हातारबा वैतागले, "अरे बाप्पा, तिकडं लगन लागून जाईन. कायले थांबून राह्यला?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "बाईले नाला उतरू द्या बुवा. मधात कसं सोडू तिले?"

ही बाई म्हणजे त्यांच्या कादंबरीची नायिका. नवऱ्याशी भांडून पहिल्या वहीत ती पायी माहेरी निघाली, आणि अकराव्या वहीतही रस्त्यातच होती. रोजच्या सवाऱ्या चढता चढता विचारत, "पोचली का ते बाई?"

मग जीपचं वय झालं, पासिंग मिळेना. ती अंगणात कडुनिंबाखाली उभी राहिली, टपावर कोंबड्या बसू लागल्या. मी उदार मनाने माझं टेबल भाऊजींना देऊन टाकलं. महिन्याने गेलो तर टेबलावर ताईने कुरड्या वाळत घातलेल्या आणि भाऊजी ओट्यावर गप्प बसलेले. "लिवनंच होऊन नाई राह्यलं, पाव्हणे," ते म्हणाले. "बाई माहेरच्या फाट्यावर उभी हाय. महिना झाला ना तिले उभं राहून." त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

काय सुचलं कोण जाणे, मी पिशवी मांडीवर घेऊन जीपमध्ये मागे जाऊन बसलो आणि विचारलं, "भाऊजी, मंगरूळले कवा निंगता?" ते ओट्यावरून उठले. मग आतून वही आणि पाटी आणली, स्टिअरिंगमागे बसले आणि म्हणाले, "सवाऱ्या येऊ द्या."

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. ताईही मेथीची जुडी घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसते. परवा मी धास्तावतच विचारलं, "पोचली का ते बाई?" कारण बाई पोचली की भाऊजी पुन्हा ओट्यावर बसतील, ही भीती मला होतीच.

"पोचली ना," वहीतून मान वर न करता ते म्हणाले. "चार दिवस राह्यली. आता वापस निंगाली. नवरा एकटाच हाय तिचा घरी."

ताईने मेथीची दुसरी जुडी सोडली. मी मागच्या सीटवर माझी वही उघडली. गाडी भरायला अजून बराच वेळ होता.