माझ्या बापाच्या तोंडी तलाक

त्यांनी माझ्या हातात बुरखा दिला.

काळा, चुरगाळलेला, डांबरगोळ्यांचा वास मारणारा. नाट्यसंस्थेच्या कपडेपटाच्या ट्रंकेतून काढलेला. त्यांच्या एका जुन्या फार्समध्ये संस्थेचे खजिनदार तो अंगावर घेऊन घरमालकाला चुकवायचे आणि प्रेक्षक हसून लोळायचे. तोंडावरच्या जाळीला आतून अजून त्यांचा रंग चिकटलेला होता.

सर म्हणाले, "हा असा धर. फेकून देते आहेस असं वाटलं पाहिजे."

समोर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. मी म्हणाले, सर, मी बुरखा घालत नाही. माझी आई घालत नाही. आजीनंही कधी घातला नव्हता. आमच्यात साडी आणि डोक्यावर पदर, तुमच्यासारखाच. सर समजूतदार हसले. अडाणी मुलाच्या प्रश्नाला मास्तर हसतो तसे. म्हणाले, "अगं, ते प्रतीक आहे." तेवढ्यात फ्लॅश उडाला.

रविवारी फोटो छापून आला. वर मथळा, 'बुरखा झुगारून रंगभूमीवर'. आमच्या मंगळवार पेठेतल्या बायका अम्मीला विचारायला आल्या, की पोरीनं बुरखा घेतला कधी आणि टाकला कधी, आम्हाला कसं दिसलं न्हाय. अम्मी पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. मला लाज वाटली, आणि कशाची वाटते आहे हेही नीट कळेना.

तर, संस्थेला नवा नाटककार सापडला होता. त्याची ही जाहिरात.

कसा सापडला तेही सांगते. मी तेव्हाही महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. दरवर्षी स्नेहसंमेलनाला पोरांसाठी छोटं नाटक लिहायची. त्या वर्षी सर पाहुणे म्हणून आले. सर कॉलेजात मराठी शिकवायचे आणि गावातल्या एका नाट्यसंस्थेचे सर्वेसर्वा होते. नाटक संपल्यावर त्यांनी मुख्याध्यापिकांना विचारलं, हे कुणी लिहिलं. बाईंनी मला पुढं केलं, नाव सांगितलं. नाव ऐकल्यावर सरांचा चेहरा उजळला. नाटक बघताना उजळला नव्हता एवढा.

"मुसलमान? आणि मराठी इतकं छान?"

हा प्रश्न मला जन्मभर पडत आलेला आहे, म्हणजे लोकांना पडतो आणि मी झेलते. मी या गावात जन्मले. माझा बाप, त्याचा बाप, सगळे याच पाण्यावर वाढले. मराठी छान नसेल तर काय असेल? पण तेव्हा मी लाजून मान खाली घातली. एवढे मोठे सर आपलं कौतुक करताहेत, असं वाटलं.

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. पुण्या-मुंबईकडच्या संस्था नवे नाटककार शोधत होत्या. कुणी गिरणीतला शोधला होता, कुणी पालावरचा. आमच्या सरांनाही एक हवा होता. ताजा, जिवंत, आणि शक्यतो दुःखी. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, सभेत, मुलाखतीत, चहा पितानाही. "नाटककार सापडत नाही, घडवावा लागतो." मला त्यांनी सांगितलं, मोठं नाटक लिही, आम्ही बसवतो, स्पर्धेत उतरवतो. मी सुट्टीभर लिहीत बसले.

माझे अब्बा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नाचा बँड. लाल कोट, त्यावर जरीच्या पट्ट्या, उन्हाळ्यात घामानं पाठीला चिकटलेला. गावातली अर्धी लग्नं त्यांनी वाजवली असतील. वरात, सीमांतपूजन, मांडव. आणि एवढ्या लग्नांत त्यांना कुणी कधी खुर्ची दिली नाही. बँडवाला उभा असतो. वाजवत नसतो तेव्हाही उभाच. पंगती उठल्या की मांडवामागं, चुलाण्याच्या राखेपाशी, उरलेलं वाढतात. कुणी वाईट वागतं असंही नाही. बँडवाला बसतो, हेच कुणाच्या डोक्यात येत नाही.

माझं नाटक एवढंच होतं. एका बँडवाल्याच्या मुलीचं लग्न आहे. तो ठरवतो, आज वाजवायचं नाही. आज आपण मुलीचा बाप, आज खुर्चीवर बसायचं. आणि दिवसभर जो तो येऊन त्याला उठवतो. अहो, एक गाणं वाजवा की. आमचा पोरगा हट्ट करतोय. तुम्ही असताना दुसऱ्याला कशाला सांगायचं. नाटकाचं नाव होतं 'बसा की'. त्यात त्याची बायको होती, माझ्या अम्मीसारखी, जिभेला धार असलेली. एका प्रवेशात ती नवऱ्याला म्हणते, "समद्या गावाची लग्नं येळंवर लावलासा, माझ्याच लग्नाला तेवढं उशिरा आलासा." हे खरं घडलेलं आहे. अब्बा स्वतःच्या निकाहला उशिरा पोचले, कारण दुसऱ्याची वरात लांबली होती. आमच्या घरी अजून यावरून हसतात.

सरांच्या बंगल्यात वाचन झालं. गाद्यांवर मंडळी लोडाला टेकून बसलेली, मधे चिवड्याची परात. मी वाचलं. कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. शेवटी सर म्हणाले, "ताजं आहे. पण कच्चं आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. सरांच्या पत्नी संस्थेच्या नायिका होत्या, बायकोची भूमिका त्याच करणार होत्या. त्या म्हणाल्या, "ही बाई मला फारच सुखी वाटते गं."

सुखी असणं हा दोष होता. मुसलमान बाई आणि नवऱ्याला टोमणे मारते? मार खात नाही? सर म्हणाले, यात संघर्ष नाही. मी म्हणाले, खुर्ची आहे ना. सर म्हणाले, "खुर्ची हे काय दुःख झालं? आत शोध. तुझ्या समाजाचं दुःख काढ." ते हे वेताच्या आरामखुर्चीत बसून सांगत होते. त्यांना खुर्ची हे दुःख वाटणारच कसं? ते जन्मल्यापासून बसलेलेच आहेत.

मग मला घडवणं सुरू झालं. बायकोचे टोमणे गेले. निकाहला उशिरा पोचल्याचा प्रवेश गेला, त्यानं गांभीर्य जातं म्हणे. नवरा दारू पिऊ लागला. अब्बांनी आयुष्यात दारू हुंगलेली नाही. सगळी पात्रं कोल्हापुरी बोलत होती, ती आता 'हमकू तुमकू' बोलू लागली आणि दर वाक्याला अल्लाची शपथ घेऊ लागली. मी म्हटलं, सर, आमच्यात असं कुणी बोलत नाही, घरात बोलतो ती दखनीसुद्धा अशी नाही. ते म्हणाले, प्रेक्षकाला कळलं पाहिजे ही कोण माणसं आहेत. नायिकाबाईंनी एक दिवस मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्यात बायका रडतात कशा, जरा करून दाखव ना. मी म्हणाले, डोळ्यांतून पाणी येतं. त्यांना माझा राग आला.

आणि एक दिवस सरांनी स्वतः लिहिलेला प्रवेश आणला. दुसऱ्या अंकाचा शेवट. मुलीच्या लग्नाच्या मांडवात, भर पाहुण्यांत, बायको काहीतरी बोलते आणि बँडवाला तिला तिथंच तलाक देतो. तलाक, तलाक, तलाक. पडदा.

मी म्हणाले, का देतो? तिनं काय केलं?

सर म्हणाले, "तेच तर. कारणच नाही. हीच तर शोकांतिका आहे."

तलाक होतात. आमच्या गल्लीत झालेत, त्या बायका मी ओळखते, त्यांच्यावर लिहायचं तर मी लिहीन आणि कुणाला न घाबरता लिहीन. पण ही बाई ती नव्हती. हा माणूस तो नव्हता. हा माझा बाप होता आणि मी त्याला सांगून बसले होते की तुमच्यावर नाटक लिहिलंय. तो बँडच्या सगळ्या लोकांना घेऊन पहिल्या प्रयोगाला येणार होता. मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, लेखकानं बापाकडंही तटस्थपणे बघायला शिकलं पाहिजे. त्यांनी त्यांच्या बापाकडं किती तटस्थपणे बघितलं ते मला माहीत नाही. दिवाणखान्यात हार घातलेला फोटो होता.

मी नाटक तेव्हाच परत घ्यायला हवं होतं, असं आज कुणीही म्हणेल. माझा जीव अडकला होता. आपल्या नाटकाचा पडदा वर जाताना बघायचा होता. एवढीच हाव.

सरांना संगीत जिवंत हवं होतं. रेकॉर्ड नको, खरा बँडवाला हवा. आणि लेखिकेचा बापच बँडवाला, म्हटल्यावर त्यांच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यांनी अब्बांना तालमीला बोलावलं. कोट घालून या, असा निरोप दिला. अब्बा आले. सकाळचं लग्न वाजवून आले होते, तरी कोट झटकून, केस विंचरून. मोठ्या लोकांच्यात जायचं म्हणून.

सर त्यांच्याशी हिंदीत बोलले. "आइये चाचा, आप इधर ठहरिये."

अब्बा म्हणाले, "व्हय सायेब, ऱ्हातो की हितं."

सर पुन्हा हिंदीत. अब्बा पुन्हा मराठीत. असं बराच वेळ चाललं आणि कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या त्या माणसाच्या काही लक्षात आलं नाही. अब्बा भिंतीला टेकून उभे राहिले. सर बसले, बाई बसल्या, प्रॉम्प्टर बसला. अब्बांना कुणी बसा म्हणालं नाही. शेवटी पाय दुखले असतील. रंगमंचाच्या कडेला एक खुर्ची होती, तिच्यावर ते जरा टेकले.

"चाचा, उठिये. वो नाटक की कुर्सी है."

अब्बा झटकन उठले, माफ करा म्हणाले. माझ्या अंगाला आग लागली. हे नाटक कशाबद्दल होतं हे त्या हॉलमध्ये एकाच्याही ध्यानात नव्हतं.

सरांनी अब्बांना समजावलं, की तिसऱ्यांदा तलाक म्हटलं की लगेच सूर धरायचा, दर्दभरा. अब्बांनी विचारलं, कुणाचा तलाक? सर म्हणाले, नाटक में है. प्रवेश सुरू झाला. अब्बांची भूमिका बँकेतला एक गृहस्थ करायचा. झोकांड्या खात तो आला, बाईंचे केस धरले आणि घसा ताणून तलाक दिला. बाई कोसळल्या. छान कोसळायच्या त्या.

सूर आला नाही.

सर म्हणाले, "चाचा, बजाइये." अब्बांनी क्लॅरिनेट खाली केलं. माझ्याकडं बघितलं. घरी ते माझ्याशी दखनीत बोलतात. तेव्हा मराठीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

"ह्यो मी हाय व्हय गं?"

मी म्हणाले, "न्हाय अब्बा."

"मग कोण हाय ह्यो?"

मी सरांकडं बघितलं. ते घड्याळ बघत होते. मी उठले, प्रॉम्प्टरच्या हातातून संहिता घेतली. सर आधी हसले, मग चिडले. स्पर्धा तोंडावर आली आहे, तू नवखी आहेस, नाटक आता एकट्या तुझं राहिलेलं नाही. मग खरं ते बोलले.

"तुला शोधलं कुणी? आम्ही."

मी म्हणाले, "मी हरवले नव्हते, सर. मंगळवार पेठेत होते. कुणालाही विचारलं असतं तर घर दाखवलं असतं."

अब्बांनी वाद्य सुटं केलं, पेटीत ठेवलं, पेटी बंद केली. निघताना सरांपुढं थांबले. राग नव्हता आवाजात. "सायेब," ते म्हणाले, "मला मराठी येतंय की."

नाटक थांबलं असं समजू नका. अशा लोकांचं काही थांबत नाही. त्यांनी नाव बदललं, लेखक म्हणून सरांचं नाव घातलं, तलाक ठेवला आणि खुर्ची काढली. बक्षीस मिळालं. एका मूक समाजाला आवाज दिला, असं परीक्षणात छापून आलं. मी नंतर आणखी दोन संस्थांकडं गेले. एकीनं विचारलं, यात दंगल नाही का? दुसरीला गाणी हवी होती, कव्वाल्या. 'बसा की' आजपर्यंत कुणी केलेलं नाही. मला वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू? रात्रंदिवस वाटतं असं नाही, पण गावात कुठं पडदा वर गेला की वाटतं.

आणि इतक्या वर्षांनी, गेल्या आठवड्यात, त्याच संस्थेचा एक तरुण कार्यकर्ता शाळेत आला. विनयशील, झोळीवाला. सर थकलेत, म्हणाला, पण संस्था अजून नव्यांना घडवते. झालं गेलं विसरून मी एकदा येऊन नव्या लेखकांना मार्गदर्शन करावं, अशी त्यांची इच्छा. आत्ताच एक मुलगी मिळाली आहे. आजऱ्याची. आई कारखान्यात काजू फोडायला जाते, पोरगी नाटक लिहिते. त्याचे डोळे चमकत होते.

"ताजं आहे, बाई. फक्त जरा कच्चं आहे."

मी विचारलं, काय कच्चं आहे त्यात?

तो म्हणाला, काजूच्या चिकानं त्या बायकांचे हात भाजतात, कातडी सोलते. एवढं जबरदस्त दुःख घरात आहे आणि ही लिहिते काय, तर त्या बायका कारखान्यात दिवसभर एकमेकींची टिंगल कशी करतात ते. सर म्हणाले, हात आणा नाटकात.

मी त्याला चहा पाजला. मार्गदर्शनाला येणार नाही म्हणाले. पोरीचं नाव आणि घर मात्र विचारून घेतलं. तो खूश होऊन गेला, त्याला वाटलं बाई विरघळल्या.

रविवारी मी आजऱ्याची एस.टी. धरणार आहे. त्या पोरीच्या घरी जाणार, तिच्या आईसमोर बसणार आणि तिचं नाटक तिच्याच तोंडून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणार. काय लिही, काय काढ, एक शब्द बोलणार नाही. आणि मग या लोकांनी माझ्या बापाच्या तोंडी काय घातलं ते तिला सांगणार, सगळं, नावानिशी. तिची आई हसत असेल तर ती रंगमंचावर हसेल. नाहीतर त्यांना तिचं नाटक मिळणार नाही. मी मिळू देणार नाही.