भुऱ्याचा चौथा पाय

गेल्या महिन्यात एका गुरुवारी आमच्या परतूरच्या गल्लीत मी एक चोरी पकडली… आणि चोर निघाली माझी सख्खी आई.

भुऱ्या म्हणजे आमचा नऊ वर्षांचा कुत्रा. कापसाच्या ट्रॅक्टरमागे धावताना त्याच्या मागच्या डाव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. परभणीला नेऊन ऑपरेशन केलं. सांधे आधीच झिजलेले, त्यामुळे डॉक्टरांनी बजावलं… वजन तीन किलो उतरवा, आणि रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटं हळू चालवा. महिनाभरात पाय टेकवला नाही तर तो तसाच आखडून जाईल.

मी सगळं वहीत लिहून घेतलं. टॉवेलनं शेक किती मिनिटं, पाय हलक्या हातानं किती वेळा वाकवायचा… चुकायला नको म्हणून पुन्हा फोन करून विचारलंसुद्धा. सकाळ-संध्याकाळ अर्धीच भाकरी. तीही मी मोजून तोडायचे आणि त्याच्या डोळ्यांकडे बघायचे नाही.

आमचे अण्णा मोंढ्यात धान्य तोलणारे मापाडी आहेत. शाळेत नाव घालायच्या आधी आकडे मी त्यांच्या काट्यावरच शिकले. सुट्टीच्या दिवशी अण्णा भुऱ्याला उचलून पोत्यांच्या काट्यावर उभे राहायचे, मग एकटे उभे राहायचे… वजाबाकी माझी.

तीन आठवड्यांनी वजन दीड किलोनं वाढलेलं निघालं!

अण्णा म्हणाले, "काटा खोटं बोलत न्हाई, माय. काय चारून राह्यलीस त्याला?"

मी वही पहिल्या पानापासून तपासली. त्यात भुऱ्यानं अजून एकदाही पाय टेकवला नव्हता. रोज सकाळी मी दोरी आखडून धरून त्याला भिंतीच्या कडेनं न्यायचे, आणि तो पाय पोटाशी धरून तीन पायांवर उड्या मारायचा. महिना संपायला आठ दिवस उरले होते… आपलंच काहीतरी चुकलंय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी माझा टायपिंगचा क्लास असतो, म्हणून तेव्हाचं चालवणं आईकडे. गुरुवारी लाइट गेली म्हणून क्लास लवकर सुटला. गल्लीच्या तोंडाशी आले तर समोर आई, हातात सैल दोरी, आणि भुऱ्या शेजारच्या शकीला खालाच्या दारात. खाला वाटीतून त्याला बकऱ्याच्या पायाचा शोरबा पाजत होती.

तिथून स्वारी समोरच्या गोदाकाकूंकडे. काकूंच्या हातात डिंकाचा लाडू! आणि आई इकडे-तिकडे बघत म्हणत होती, "जल्दी द्या वो काकू, पोरगी यायची आता."

माझं डोकंच फिरलं. ओरडायला तोंड उघडलं… आणि तसंच राहिलं.

लाडवासाठी भुऱ्या रस्ता ओलांडत होता. अगदी हळू, अंग एका बाजूला झुकवून. पण चारही पाय जमिनीवर होते… चौथा टेकत होता, उचलत होता, पुन्हा टेकत होता.

मी तिथेच, रस्त्यात, रडायला लागले. आईला वाटलं, रागानं रडतेय.

"मीच म्हनले चारा म्हनून," ती घाबरून म्हणाली. "अर्ध्या भाकरीवर हाड कसं जुळंल? तुला सांगितलं असतं तर तू वही काढली असती."

खाला जवळ आली. "अगे, रोती कायकू? हड्डीकू हड्डीच लगती."

गोदाकाकू तर माझ्यावरच चिडल्या. "माझे गुडघे ह्याच लाडवानं चालू झाले, तुझ्या डॉक्टरनं न्हाई! कुत्र्याला काय सांधे नसतेत का?"

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते पोट धरून हसले. म्हणाले, लाडू बंद, शोरबा बंद… दारं मात्र चालू ठेवा.

आता खाला काकडीची चकती देते, गोदाकाकू गाजर. नाक मुरडून देतात, पण देतात. वजन उतरायला लागलंय. सांधे काही नवे होणार नाहीत, थंडीत सकाळी तो उठताना कण्हतो… मग शेक देऊन आम्ही दोघं निघतो. दोरी मी आता सैल धरते.

तीन आठवडे मला वाटत होतं, भुऱ्याची काळजी मला एकटीलाच आहे. गल्लीत कुणाला एका शब्दानं विचारलं नाही, नुसतं "काही देऊ नका" म्हणून बजावत फिरले. खाला आणि गोदाकाकू इंटरनेटवर नाहीत, त्यामुळे हे लिहिलेलं त्यांना दिसणार नाही. म्हणून आज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन तोंडानंच सांगणार आहे… माझं चुकलं. तुमच्या दारापर्यंत यायचं होतं, म्हणून त्यानं पाय टेकवला.