तुझंच खरं, ताई

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत गेला आणि कॉन्झर्व्हेटिव्ह झाला. दारू प्यायला लागला असता तरी मी एवढी चिडले नसते.

मी तेव्हा इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊत, एका सॉफ्टवेअर कंपनीत. तो ओहायोत, एका लहानशा गावात. तिथलं नागरिकत्व घेतलं, घर घेतलं आणि गावातल्या पक्षाच्या बैठकांना जायला लागला. दर शनिवारी दुपारी मी फोन लावायची. तिकडे त्याची सकाळ, हातात कॉफी. "काय रे, कसा आहेस" वगैरे उरकलं की आम्ही थेट भांडणावर यायचो. लहानपणापासून आमचं हेच. पुण्याच्या घरी जेवताना इतके भांडायचो की आई म्हणायची, आधी आमटी गिळा, मग एकमेकांना गिळा.

"सनातनी झालास तू!" मी म्हणायची.

"सनातनी काय गं? राखणारा म्हण. जे नीट चाललंय ते मोडण्याआधी दहादा विचार करणारा."

"आणि काय रे राखता तुम्ही? बंदुका?"

मग तो जो सुटायचा! सरकारने माणसाच्या घरात किती नाक खुपसावं, शेजाऱ्याला शेजाऱ्यानेच का मदत करावी, नगरपालिकेचा कौन्सिल टॅक्स भरून सगळं सरकारवर सोडणारी मी कशी आयतोबा झालेय, सगळं. शेवटी गाडी ठरलेल्या शब्दावर यायची: चारित्र्य. नेत्याची धोरणं चुकली तर सुधारता येतात, चारित्र्यच नसेल तर काय सुधारणार, असं त्याचं म्हणणं. मी म्हणायची, "चारित्र्य, चारित्र्य काय लावलंयस? स्थळ बघतोयस का त्याच्यासाठी?" तो खो खो हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

फोन ठेवला की माझं डोकं तापलेलं असायचं, पण मन कसं स्वच्छ. ऑफिसमध्ये माझ्याशी कोणी भांडायचं नाही. इंग्लंडमध्ये भांडत नाहीत, "इंटरेस्टिंग" म्हणतात आणि चहा करायला उठतात. आठवडाभर मी पुढच्या शनिवारचे मुद्दे जुळवत असायची.

मग इराकचं युद्ध आलं. मी लंडनच्या मोर्चात गेले, पाय गोठेपर्यंत चालले. तो त्याच्या अध्यक्षाच्या बाजूने. तेव्हापासून आमचं भांडण नासलं. एका शनिवारी मी म्हटलं, तुझ्या त्या सज्जन माणसापायी किती पोरं मेली ते बघ जरा. तो म्हणाला, "ताई, हा माझा देश आहे, तोंड सांभाळून बोल." मी फोन आपटला. दोन्हीकडून आईकडे तक्रारी गेल्या.

पुढच्या शनिवारी मी कंबर कसूनच फोन लावला. "काय म्हणाला काल तुझा अध्यक्ष, ऐकलंस का?"

"हो. तुझंच खरं, ताई."

मला वाटलं, चिडवतोय. पण नाही. त्यानंतर मी जे म्हणेन ते खरं. मुद्दाम आचरट बोलून पाहिलं. तुमचा पक्ष म्हणजे म्हाताऱ्यांचा क्लब, तुमचे नेते म्हणजे नुसते टाय. "असेल बाई." मग मुलांच्या शाळा, कोणाचं लग्न ठरलं, तिकडे चांगली मेथी मिळते का. गोड, गुळगुळीत बोलणं, वर्षानुवर्षं. ज्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही अशा माणसाला आपण हो हो करतो, तसं हा मला करतोय असं वाटायचं, आणि फार लागायचं.

दरम्यान आई गेली. आम्ही दोघं पुण्यात भेटलो, तेराव्यापर्यंत एका घरात राहिलो, एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो आणि एकदाही कोणाचा आवाज चढला नाही. परत येताना विमानात मला आईपेक्षा त्याचीच आठवण जास्त येत होती, आणि तो तर धडधाकट होता.

दोन हजार आठ सालच्या नोव्हेंबरात त्याचा उमेदवार हरला. त्या माणसासाठी भावाने गावात दारोदार प्रचार केला होता. सकाळी चहा घेताना मी टीव्हीवर हरलेल्याचं भाषण पाहिलं. जिंकलेल्याचं नाव निघताच समोर जमलेले याचे समर्थक हुर्यो करायला लागले. त्याने हात वर करून त्यांना गप्प केलं आणि जिंकलेल्याचं मनापासून कौतुक केलं. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कार पार्कमधून फोन लावला. "अरे, तुझा माणूस हरताना केवढा मोठा वाटला! तू चारित्र्य चारित्र्य म्हणतोस ना, ते आज दिसलं बघ मला."

"हं. तुझंच खरं."

माझं टाळकंच सटकलं. "अरे गाढवा, मी तुझं म्हणणं मान्य करतेय! निदान आता तरी म्हण, बघ, मी सांगत नव्हतो? भांड ना रे माझ्याशी! मला इथे भांडायला कोणी नाही!" शेजारच्या गाडीत सँडविच खात बसलेल्या बाईने काच वर केली.

तिकडे त्याने कप खाली ठेवलेला ऐकू आला. मग म्हणाला, "ताई, मी आईला शब्द दिलाय."

"कसला शब्द?"

"तू फोन आपटलास ना, तेव्हा. रडत होती ती. म्हणाली, दोघंच आहात, राजकारणावरून ताईशी परत भांडणार नाही असं म्हण. म्हटलं."

"अरे वेड्या, आई जाऊन दोन वर्षं झाली!"

"म्हणून तर," तो म्हणाला. "असती तर पाया पडून शब्द सोडवून घेतला असता."

मला म्हणायचं होतं, आईला असलं काही नको होतं रे, तिला आपला आरडाओरडा आवडायचा, तू साफ चुकतोयस. पण त्यालाही तो हो म्हणाला असता. मग त्याने विचारलं, तिकडे थंडी पडली का. मी म्हटलं, पडली.