जांभळी रेघ

बाटल्यांच्या कारखान्यात त्याला सगळे 'नापास' म्हणत, आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नसे. उलट कुणी नवीन माणसाला तसं सांगितलं की तो गालातल्या गालात हसायचा. काम तसंच होतं. अंधारलेल्या खोलीत पांढरी उजळ काच, तिच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत यायच्या आणि हा स्टुलावर बसून त्यांतली खोट शोधायचा. कुठे काचेत बुडबुडा, कुठे मानेला केसाएवढी चीर, कुठे बूड तिरकं. खोट दिसली की लाल मेणपेन्सिलीने तिच्याभोवती गोल, तोंडाने "नापास", आणि बाटली पेटीत, पुन्हा वितळायला. बावीस वर्षं हेच. चांगली बाटली त्याने कधी हातातच घेतली नाही, कारण चांगली बाटली आपली आपण पुढे निघून जाते.

असल्या माणसाने डोळे कारखान्यात ठेवून घरी यावं. हा ते बरोबर घेऊन यायचा. पडद्याची शिवण तिरकी, चहाच्या कपाचा कान जरा खाली, शेजाऱ्याच्या दाराला दोन छटांचा रंग. बरं, हातोडी उचलून स्वतः एक खिळा ठोकील तर शपथ. घरातले खिळे बायको ठोकायची, आणि ते वाकडे आहेत हे तो सांगायचा.

बायको दवाखान्यात एक्स-रे काढायची. माणूस मोडका हात पोटाशी धरून आत यायचा, ती म्हणायची, "इथे ठेवा. हलू नका. श्वास रोखा. झालं." झालं म्हणजे झालं. हाड दिसलं की तिचं काम संपलं. फोटोचे कोपरे कसे आलेत, असं तिला आजवर एकाही डॉक्टरने विचारलं नव्हतं. नवऱ्याकडे ती पहिली काही वर्षं कौतुकाने बघायची, मग सवयीने, आणि लेन्सचं प्रकरण सुरू झाल्यापासून एखादा डाग निघतो की नाही अशा नजरेने बघायची.

लेन्सचं प्रकरण मुलीमुळे सुरू झालं. मुलगी अडथळ्यांची शर्यत धावायची आणि चांगली धावायची. पण शेवटच्या तीन हर्डलवर काहीतरी बिनसायचं आणि पहिली येणारी पोर तिसरी यायची. कोचबाई म्हणायच्या, "दमलीस की मागचा गुडघा खाली पडतो तुझा." मुलगी म्हणायची, "नाही हो बाई, मी उचलते." बाई म्हणायच्या, "पडतो." सरावात बघावं तर गुडघा चांगला वर. पडायचा तो फक्त शर्यतीत, आणि शर्यतीच्या वेळी मैदानात खेळाडूंशिवाय कुणाला सोडत नसत. आईबापांनी लांब तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहायचं. तिथून मोबाइलवर फोटो काढला तर आपली पोर कुठली आणि मुंगी कुठली हे सांगता येत नसे.

एक दिवस मुलगी बापाला म्हणाली, "बाबा, तुमच्या कॅमेऱ्याला लांबचं दिसणारी लेन्स मिळते ना? मला आठव्या हर्डलवरचा एक फोटो काढून द्या. मला माझा पाय बघायचाय."

लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा त्याने आदल्या वर्षी घेतला होता. त्याबरोबर आलेल्या छोट्या लेन्सने तो बाल्कनीतून समोरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं टिपायचा. त्याने छाती पुढे काढली. "एक कशाला, शंभर काढतो. योग्य लेन्स फक्त निवडू दे."

झालं. त्या 'योग्य' शब्दाने घात केला.

पहिल्या महिन्यात ठरली सत्तर-तीनशे मिलिमीटरची लेन्स. हलकी, सुटसुटीत, कुंपणावरून आठवं हर्डल सहज जवळ आणणारी. दुकानातल्या बाईने डबासुद्धा बाहेर काढला. मग त्याला कळलं की पूर्ण लांब केली की ती प्रकाश कमी घेते. ढगाळ दिवस असला तर? नापास. मग सत्तर-दोनशे. प्रकाश भरपूर, पण आठव्या हर्डलपर्यंत पुरेल? आणि वजन केवढं. नापास. शंभर-चारशे पुरत होती, पण झूम करताना तिची नळी लांब व्हायची आणि त्याच्या मते तिच्यात धूळ शिरणार होती. दुसऱ्या एका कंपनीची तशीच लेन्स मिळत होती, पण तिच्या फोकसची मोटर त्याला किंचित दबकत चालल्यासारखी वाटली. किंचित. कुणाला वाटली? यालाच.

त्याने एक वही केली. प्रत्येक लेन्सला दोन पानं. रविवारी दुकानातून लेन्स जोडून बघायची, दुकानाच्या दारातून समोरच्या भिंतीच्या विटा टिपायच्या, घरी येऊन ते फोटो एवढे मोठे करायचे की विटेवरचे खड्डे मोजता यावेत, आणि मग वहीत लिहायचं: मध्य बरा, डावा कोपरा पुसट, उजवा कोपरा फार पुसट. दुकानातली बाई सुरुवातीला त्याला खुर्ची द्यायची. सहा महिन्यांनी तिने खुर्ची द्यायचं सोडलं, आणि वर्षाने ती स्वतःच्या स्टुलावरून उठायचीही बंद झाली. "कपाट उघडंच आहे, काका," एवढंच म्हणायची.

यात त्याला नवीन मान मिळाला तो इंटरनेटवर. फोटोवाल्यांच्या कुठल्याशा गटात लोक विचारायचे, कुठली लांबची लेन्स घेऊ? आणि हा, ज्याने आयुष्यात एक लांबची लेन्स विकत घेतली नाही, तो त्यांना चार-चार परिच्छेदांची उत्तरं द्यायचा. लोक त्याला सर म्हणायचे. उंटावरून शेळ्या हाकायला याच्याइतका मोकळा माणूस साऱ्या गटात नव्हता. लोक याच्या सल्ल्याने लेन्स घ्यायचे, पाखरांचे, पोराबाळांचे फोटो काढायचे आणि आभार मानून ते याला पाठवायचे. हा ते मोठे करून त्यांचे कोपरे तपासायचा.

"अहो," बायको एकदा म्हणाली, "माझ्याकडे रोज शंभर माणसं येतात. मी मशीन निवडत बसले असते तर ती तशीच मोडकी घरी गेली असती."

"एक्स-रे वेगळा," तो म्हणाला. "त्यात कला नसते."

"पाय दिसायला कला कशाला लागते? पोरीला पाय बघायचाय. कुठलीही आणा."

"कुठलीही आणली आणि मग पस्तावलो तर?"

दोन लेन्समध्ये चूक होऊ नये म्हणून दोन वर्षं काहीच न करणं ही केवढी मोठी चूक आहे, हे त्याला समजावणं म्हणजे त्याच्या त्या पाण्याच्या टाकीला समजावणं. तिने हात टेकले. मुलीने मात्र टेकले नव्हते. प्रत्येक शर्यतीआधी ती विचारायची, "बाबा, झाली का लेन्स?" आणि तो म्हणायचा, "आता दोनच उरल्यात." या दोन कधी एक झाल्या नाहीत.

त्याच मैदानावर एक बस-ड्रायव्हर यायचा. त्याची मुलगी शेजारच्या लेनमध्ये धावायची. त्याच्याजवळ कुणीतरी वापरून टाकलेला कॅमेरा आणि त्याहून जुनी लेन्स होती. पट्टा तुटला होता, तो त्याने बुटाच्या नाडीने बांधला होता. गळ्यात ते धूड अडकवून तो कुंपणाला टेकायचा आणि शर्यत सुरू झाली की बटण दाबत सुटायचा. नापास त्याच्याकडे बघून नाक मुरडायचा. "बिचाऱ्याला कळतही नाही त्याच्या हातात काय आहे," असं तो बायकोला म्हणाला होता. एका सकाळी शर्यतीनंतर बायको पाण्याच्या नळाशी होती, तेव्हा तिने पाहिलं, ड्रायव्हरने नवऱ्याच्या हातात एक पाकीट दिलं. नवऱ्याने ते उघडून आतलं काहीतरी उन्हाकडे धरलं, मान हलवली आणि वहीत ठेवून दिलं.

"काय होतं?" तिने विचारलं.

"काही नाही गं. जुन्या लेन्स कशा असतात त्याचा नमुना."

तिने पुढे विचारलं नाही. याचा तिला नंतर स्वतःवरच राग आला, पण तेव्हा लेन्स हा शब्दही तिच्या डोक्यात जात असे.

मग ती शर्यत आली. प्रशिक्षण केंद्रासाठी पहिल्या दोघींची निवड होणार होती आणि मुलीच्या वयाला ही शेवटचीच संधी होती. पुढच्या वर्षी ती त्या गटात बसणार नव्हती. नापासने दुकानातल्या बाईकडून उरलेल्या दोन्ही लेन्स एका दिवसासाठी मागून आणल्या. बाईने दिल्या. एकदाची ब्याद टळेल म्हणूनच दिल्या असाव्यात. कुंपणाशी त्याने स्टँड लावला, वही काढली, पेन्सिल कानाला लावली. बायकोला वाटलं, चला, उशिरा का होईना, आज फोटो निघेल.

शिट्टी झाली. मुलगी सुटली ती सगळ्यांच्या पुढे. पहिलं, दुसरं, तिसरं हर्डल, एकदम स्वच्छ. बायकोने कुंपणाची तार दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. शेजारी कॅमेऱ्याचा आवाज येत होता, खट खट खट, पाचव्या हर्डलपर्यंत. आणि मग तो थांबला. तिने वळून बघितलं नाही. मुलगी सहाव्यावरून गेली, सातव्यावरून गेली, अजून पहिलीच होती. आठव्या हर्डलवर मागचा गुडघा आडव्या फळीवर आदळला. फळीचा आवाज कुंपणापर्यंत आला. पोर तोंडावर पडली आणि उठली नाही.

बायकोने शेजारी पाहिलं. नवरा खाली मान घालून उभा होता. एका हातात काढलेली लेन्स, दुसऱ्या हातात लावायची, आणि कॅमेरा उघडा. अर्धी शर्यत एका लेन्सने, अर्धी दुसरीने, म्हणजे एकाच उन्हात दोघींची तुलना होईल, असा त्याचा बेत होता. लोकांचा गलका ऐकून त्याने मान वर केली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

ती उत्तर द्यायला थांबली नाही. कुंपणाच्या फाटकातून सोडत नसत, पण त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही.

एक्स-रे तिनेच काढला. "हलू नकोस. श्वास रोख. झालं." गुडघ्याच्या वाटीला चीर होती, बाटलीच्या मानेला असते तशीच. डॉक्टर म्हणाले, पाय बरा होईल, चालेल, जिने चढेल, पण हर्डल विसरायचं. मुलगी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "म्हणजे गुडघा खरंच पडत होता तर."

तिसऱ्या आठवड्यात घरी असं दृश्य होतं: मुलगी पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये उशीवर ठेवलेला, आणि बाल्कनीत बाप. त्याने लेन्स घेतली होती. हो, घेतली. शर्यत झाल्यावर आठ दिवसांनी. आता घाई नव्हती ना कशाची, त्यामुळे निर्णय चटकन झाला. त्या लेन्सने तो पाण्याच्या टाकीवरची अक्षरं टिपत होता. बायको पलंगाशी बसून भाजी निवडत होती. मुलगी कंटाळून म्हणाली, "आई, वाचायला काहीतरी दे गं." हाताशी नवऱ्याची ती लेन्सची वही होती, आईने तीच दिली. मुलीने ती चाळायला घेतली, काही पानांवर हसलीसुद्धा, आणि मधल्या एका पानातून एक मोठा फोटो घसरून तिच्या मांडीवर पडला.

ड्रायव्हरने काढलेला. आठवं हर्डल, आणि त्यावर ती स्वतः. तोंड उघडं, हात पसरलेले, पुढचा पाय सरळ, आणि मागचा गुडघा फळीच्या इतका जवळ लोंबणारा की मध्ये पोस्टकार्ड शिरलं नसतं. ज्याला डोळे आहेत त्या कुणालाही दिसलं असतं. मागच्या बाजूला तारीख होती, सात महिन्यांपूर्वीची. ड्रायव्हरच्या ओबडधोबड अक्षरात लिहिलं होतं, 'पोरीला दाखवा. गुडघा बघा म्हणावं.'

फोटोवर लाल मेणपेन्सिलीने एक गोल काढला होता. तो गुडघ्याभोवती नव्हता. पांढऱ्या फळीच्या टोकाला, जिथे ऊन पडलं होतं, तिथे जुन्या लेन्सच्या खोटीमुळे केसाएवढी जांभळी रेघ आली होती. गोल तिच्याभोवती होता. खाली लिहिलं होतं: नापास.

बायकोच्या हातातली भाजी तशीच राहिली. तिला वाटलं आता पोर ओरडेल, फोटो फाडेल, काहीतरी फेकून मारेल. मुलीने फक्त हाक मारली, "बाबा."

तो आत आला. गळ्यात नवी लेन्स झुलत होती. मुलीने फोटो त्याच्यापुढे धरला आणि गुडघ्यावर बोट ठेवलं. पुष्कळ वेळ ठेवलं. त्याने फोटो घेतला, सवयीने खिडकीच्या उजेडाकडे धरला, डोळ्यांजवळ नेला. बायको त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. एवढ्या वर्षांत एकदा, फक्त एकदा याला दिसू दे, असं ती मनातल्या मनात म्हणत होती.

"गुडघ्यावर फोकस मात्र अचूक आहे हं," तो म्हणाला.

मुलीने फोटो त्याच्या हातातून परत घेतला आणि उशीखाली ठेवला. मग ती आईला म्हणाली, "त्या ड्रायव्हरकाकांचा नंबर आहे का गं तुझ्याकडे? मला त्यांच्याशी बोलायचंय."