खिडकीच्या गजावरचा हात

दर सोमवारी मी लेकीकडं मिरजेला जातो. त्याच पॅसेंजरला एक म्हातारा बायकोला घेऊन असतो. तिच्या कंबरेचा इलाज मिरजेत चालू आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो डब्याच्या मधलंच बाक धरतो, कारण चाकावरच्या बाकाला हादरे जास्त बसतात. शिवाय बायकोखाली घोंगडं घडी घालून ठेवतो.

रुकडी स्टेशन सुटलं की म्हातारी सुरू होते, "हाडं खिळखिळी झाली माझी."

"मग काय डायवरला सांगू, म्हातारी बसलीया, दमानं घे म्हणून?" तो खेकसतो. पण तिला डुलकी लागली की तिचं डोकं आणि खिडकीचा गज यांच्यामधी आपला हात घालतो. जयसिंगपूरपर्यंत सगळे दणके त्याची बोटं खातात.

माझी बायको गेल्यापासून मला ते समोर बसून बघवत नाही. जळतो मी, खोटं कशाला बोलू.

परवा मी डब्याच्या टोकाला निघालो तर त्यानं हाक मारली, "पावणं, तिकडं कुठं? मधी या की, हितं हादरत न्हाय."

"मला तिकडंच बरं हाय," म्हटलं आणि चाकावरच्या बाकावर जाऊन बसलो.

मिरजेपर्यंत पाठ पार मोडून आली. पण तिथनं त्याचा हात दिसत नाही.