रक्तगाठीची कोयती

लग्न होऊन रोह्याजवळ निडीला आले तेव्हा मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते. शाळा चौथीपर्यंत, पुढं पेणकडं आईबरोबर मिठागरावर काम. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी उठून आत जायचे. हे लिहितेय तेही कुणाला दाखवणार नाही.

धाकटा दीर रोह्याला कंपनीत होता. शिफ्टमधल्या कुणीतरी त्याला एक खेळ सांगितला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले लढवय्ये व्हायचं. जमलं की फसलं, ते फाशावर ठरायचं. दिराने वहीत स्वतःचे नियम लिहिले. पहिली पाळी करून तो आला की तो, नणंद आणि मी पडवीत बसायचो. आम्हां दोघींना वीस-वीस वाल मिळायचे. तो आमचा जीव. घाव बसला की दाणे वाटीत परत, सगळे संपले की मरण.

खेळात माझ्या लढवय्यीकडे कोयती होती. तिच्यासाठी दिराने वेगळा नियम केला. त्याचं नाव रक्तगाठ. मालकिणीने आपलं रक्त पात्याला लावलं की हत्यार तिचंच. कुठंही पडलेलं असो, हाक मारली की हातात येणार. पण दर हाकेला तिचे दोन दाणे जाणार, आणि दुसऱ्याला वाचवायला हाक मारली तर पाच. रक्त म्हणून त्याने वहीवर कुंकवाचा अंगठा मागितला.

“मला सही येते,” मी म्हटलं.

“रक्ताला सही चालत नाय, वयनी. अंगठा दे.”

“बघ गो, सात-बारा लिवून घेल तुझा!” नणंद म्हणाली.

“ये!” म्हणून मी कोयतीला हाक मारायचे. एवढा मोठा माझा आवाज मीच कधी ऐकला नव्हता. सासूबाई आतून विचारायच्या, “कोण आलंय गो?” आणि आम्ही हसून लोळायचो.

त्या हाकेपायी मी चोरी करायला लागले. दाणे संपले तर कोयती जाणार. म्हणून कणगीतले मूठभर वाल कनवटीला लावून बसायचे आणि दोघांची नजर फाशावर असली की दोन-तीन पुढ्यात सरकवायचे. घरातलेच वाल, कुणाला कळणार?

नणंदेच्या हळदीआधी शेवटचा डाव झाला. कणगीतल्या वालांना कीड लागू नये म्हणून राख लावलेली असते, खेळातले वाटीतले वाल स्वच्छ. मी पुसून घ्यायचे, पण त्या दिवशी एक तसाच राहिला. नणंदेने तो उचलला, अंगठ्याने पुसला आणि परत माझ्या पुढ्यात ठेवला.

थोड्या वेळाने तिच्या लढवय्यीला खाडीतल्या राक्षसाने धरलं. तिच्याकडे एकच दाणा होता.

“वयनी, कोयती हाय तुझी. पाच टाक, वाचंल ती,” दीर म्हणाला.

पुढ्यात चार होते. कनवटीला कितीतरी. नणंद माझ्याकडेच बघत होती. एवढे दिवस माझ्यासाठी कमरेला गेलेला हात तेव्हा हलला नाही.

“नाय पुरत,” मी म्हटलं.

“असू दे,” ती हसली, “मेले मी. तू कर राज्य.” दिराने तिच्या नावावर काट मारली.

दिवाळीला ती माहेरी आली. दिराने हौसेने वही काढली, तर म्हणाली, “मी मेलेय ना? तुम्ही खेळा.” मीही बसले नाही. संध्याकाळी आम्ही दोघी बिरड्याचे वाल सोलत होतो. मी खाली बघूनच म्हटलं, “त्या दिवशी दाणे होते गो माझ्याकडं.”

“ठाऊक हाय.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने हातातला वाल सोलून पातेल्यात टाकला.

“मला वाटलं, टाकशील.”