संत लूकच्या दिवसाचा गिलावा

मोंतेफ्रेदो गावात उस्ताद लापोसारखा बढाईखोर दुसरा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासारखा चितारीही नव्हता. दगड फोडणाऱ्या बापाचा हा पोर. बाराव्या वर्षी चुना कालवायला लागला आणि चाळिशीत आसपासच्या सात चर्चांच्या भिंती त्याच्या नावावर होत्या. "माझा संत भिंतीवर चढला की कयामतीपर्यंत उतरत नाही!" असं तो गुत्त्यात छातीठोक सांगायचा. आणि उतरतही नसे कुणी! लापो ओल्या गिलाव्यावरच रंगवी. संध्याकाळपर्यंत उरकेल तेवढाच तुकडा सकाळी लिंपायचा आणि ओल आहे तोवर रंग द्यायचा. वाळला की रंग भिंतीचाच झाला. चुकलं तर पुसायची सोय नाही, हातोडीने पाडायचं.

बायको लवकर गेली. मागे राहिली एक मुलगी, पिएरा. लापोने तिला चुन्याच्या पिंपाशेजारीच वाढवलं. तिने गिलावा कालवून आणला की हा चिमटीत चोळून म्हणायचा, "वाळू जास्त झाली. पुन्हा कर." हजारदा केलं असेल बिचारीने. मनातून शिव्या देत असणार, पण करायची.

साठी उलटली तसं लापोला जवळचं दिसेनासं झालं. समोरच्या डोंगरावरच्या शेळ्या मोजून दाखवायचा, पण हातभर अंतरावरची पापणी दिसेना. तेव्हापासून, दोन वर्षं झाली, चेहरे पिएरा रंगवत होती. बापलेकीखेरीज कुणाला पत्ता नव्हता. लापो स्वतःची समजूत घाली, 'शिकवलं मीच ना? मग हात माझाच की!'

घोळ झाला तो गावच्या मोठ्या चर्चमध्ये. काम लोकरीच्या व्यापाऱ्यांनी दिलं होतं आणि करारात स्वच्छ लिहिलं होतं: चेहरे उस्तादाने स्वतःच्या हाताने करावेत, नाहीतर पाडून टाकू आणि काम सिएनाच्या चिताऱ्याला देऊ. थंडीत गिलावा नीट वाळत नाही आणि थंडी तर तोंडावर आलेली, तेव्हा एकही दिवस वाया घालवून चालणार नव्हतं. पण संत लूकचा दिवस म्हणजे चिताऱ्यांचा सण. लापोने गुत्ता गाठला आणि दिवसभर साऱ्या गावाला वाईन पाजली. तिकडे परांचीवर पडदा ओढून पिएरा मारियामातेचा चेहरा रंगवत होती.

दुसऱ्या सकाळी व्यापाऱ्यांचा मुख्य गुच्चो भिंत बघायला आला. बाकी सगळं वाळून पांढुरकं झालेलं, फक्त मारियाचा चेहरा अजून ओलसर आणि गडद.

"उस्ताद, हा कालचा ना?"

"कालचाच!" लापो तोऱ्यात बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

"काल तर तुम्ही दिवसभर माझ्याशेजारी बसून पीत होता की!"

पिएराच्या तोंडचं पाणी पळालं. पण लापो बधतोय होय!

"काल पहाटे उठून केला मी. हातच्या काकणाला आरसा कशाला? मारियाशेजारी तिच्या आईची, संत आन्नाची जागा मोकळी आहे. बस त्या बाकावर. तुझ्यादेखत चेहरा करतो."

"नाही जमला तर?"

"तर दोन्ही पाड."

पिएरा गिलावा लावता लावता कुजबुजली, "बाबा, दिसत नाही हो तुम्हाला."

"गप गं. हाताला दिसतं माझ्या."

आणि खरंच दिसलं. तीस वर्षं तीच आन्ना काढलेली, हाताला पाठ होती. दुपार कलते न कलते तोच चेहरा तयार. गुच्चोने वर चढून निरखून पाहिलं आणि मान डोलावली.

"हात तुमचाच, उस्ताद. माझं चुकलं बुवा."

पिएराने सुटकेचा श्वास सोडला. गुच्चोपाठोपाठ लापो ऐटीत खाली उतरला, घोटभर पाणी प्यायला आणि त्याने सहज वर पाहिलं. लांबून त्याला लख्ख दिसायचं. आन्नाचं नाक, डोळे, ओठ, सगळं जागच्या जागी. आधीच्या तीस आन्नांसारखं. आणि शेजारी मारिया! आईने आत्ताच कशावरून तरी दटावलंय आणि हिने हसू कसंबसं दाबलंय, अशी. आपलं आणि लेकीचं काम असं शेजारी शेजारी त्याने कधी पाहिलंच नव्हतं. लापोला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखी. आणि अभिमान असा दाटून आला की गुत्त्यात जाऊन ओरडावंसं वाटलं.

तो हातोडी घेऊन वर चढला. गुच्चो "अहो, अहो" म्हणेस्तोवर आन्नाचा चेहरा खाली जमिनीवर पडला होता.

"वेड लागलं काय तुम्हाला?"

"मारिया हिने केलीय, गुच्चो. दोन वर्षांतला प्रत्येक चेहरा हिचा. माझा आत्ता बघितलास. ठेवण्यालायक कुठला, तूच बोल. करारात हिचं नाव घाल, नाहीतर ही घे हातोडी. पण पाडताना मारियाच्या डोळ्यांत बघून पाड."

लापोने खाली येऊन पुढे केलेली हातोडी गुच्चोने घेतली. वर मारियाच्या डोळ्यांत बघितलं. मग हातोडी बाकाखाली सरकवून त्यावर बसला.

"माझ्या बायकोचं नाव आन्ना," तो कुरकुरला. "तिच्या संताला बिनतोंडाचं ठेवून घरी गेलो तर जेवायला मिळायचं नाही मला. उजेड आहे तोवर उरक, पोरी. करार उद्या बदलू."

पिएराने डोळे पुसले, बाह्या सारल्या आणि म्हणाली, "बाबा, गिलावा."

लापोने घाईघाईने चुना कालवून आणला. तिने चिमटीत घेऊन चोळला.

"वाळू जास्त झाली. पुन्हा करा."

लापोने पुन्हा कालवला.